गांव कोणतें? : तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या आणि देशाचें ऐक्य

अनेक भाषा, अनेक वंश व अनेक प्रांत असलेला देश एक कां राहतो, या प्रश्नाची चर्चा राजकारणावरील ग्रंथकारांनीं पुष्कळ केली आहे. त्यांचीं उत्तरें बहुधा ठराविक असतात. कोणी बलवान् मध्यवर्ती सत्ता सांगतो, कोणी एक भाषा सांगतो, कोणी परचक्राची भीति सांगतो. हिंदुस्थानाच्या बाबतींत हीं तिन्ही उत्तरें अपुरीं पडतात. मध्यवर्ती सत्ता ज्या काळांत होती त्याहून ती नव्हती तो काळ येथें फार मोठा आहे. सर्वांची अशी एक बोली कधींच नव्हती. आणि परचक्र आलें म्हणून आपण एक झालों असें म्हणण्यास आधार फारसा सांपडत नाहीं. ३१ डिसेंबर १८०२ रोजीं वसईचा तह झाला, त्या वेळीं पेशवे, शिंदे व होळकर यांच्यांत कितपत ऐक्य होतें, हें या त्रैमासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. तरीहि पुढें १८१८ सालीं पेशवाई बुडाली तेव्हां कोंकणांतून काशीस जाणारा यात्रेकरू थांबला नाहीं. ही वाट कशानें चालू राहिली याचा पुरावा राजकीय पत्रव्यवहारांत मिळत नाहीं. तो ज्या कागदांत आहे त्यांकडे आम्हां संग्राहकांचें लक्ष त्या मानानें कमी गेलें आहे. ते कागद म्हणजे तीर्थोपाध्यांच्या नामावळ्या. प्रस्तुत लेखांत त्यांविषयीं, व त्यांच्या अनुषंगानें देशाच्या ऐक्याविषयीं, चार गोष्टी मांडावयाच्या आहेत.

नामावळी काय असते हें बहुतेकांस ठाऊक आहे, तथापि तिची रचना नीट पाहिली पाहिजे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, प्रयाग, काशी, गया, हरिद्वार अशा क्षेत्रीं उपाध्यांचीं वंशपरंपरागत घराणीं आहेत आणि यजमानांची वांटणी त्यांच्यांत मुख्यतः प्रांत, गांव, ज्ञाति व आडनांव यांवरून झालेली आहे. यात्रेकरू क्षेत्रीं उतरला म्हणजे त्याला पहिला प्रश्न होतो तो, ‘गांव कोणतें?’ हा. उत्तर मिळालें कीं जाणता मनुष्य त्याला त्या गांवाच्या उपाध्याकडे नेऊन पोहोंचवितो. उपाध्या वही सोडतो. गांवाचें पान निघतें. आणि यात्रेकरूच्या पुढें त्याचा आजा, पणजा, चुलते, कोणत्या शकांत कोण आले, कोणत्या निमित्तानें आले, बरोबर कोण होतें, हें सारें वाचलें जातें. लेखाच्या खालीं बहुधा त्या त्या यजमानाचें स्वदस्तुर असतें. मग नवा यात्रेकरू आपला लेख खालीं घालतो. स्त्रियांचीं नांवें यांत माता व पत्नी म्हणून येतात, कन्यांचीं क्वचितच. वंशावळ जुळवणाऱ्यानें हें ध्यानांत ठेवावें.

या रचनेंत एक गोष्ट सहज नजरेआड होते. काशीस गेलेल्या मनुष्यास कोणी काशीकर व्हावयास सांगत नाहीं. त्याची बोली, त्याचा पोशाख, त्याची लिपि यांस हरकत नाहीं. दक्षिण्यांचे जुने लेख गंगेच्या कांठीं मोडींतच लिहिलेले आहेत. उलट त्यानें आपला प्रांत व गांव जितका नेमका सांगावा तितकें त्याचें स्वागत लवकर होतें. अडचण होते ती ज्याला आपलें गांव सांगतां येत नाहीं त्याची. म्हणजे जें नांव त्याला इतरांपासून वेगळें करतें तेंच नांव त्याला त्या मोठ्या मेळाव्यांत जागा मिळवून देतें. ऐक्य म्हणजे भेद पुसणें, अशी जी समजूत आहे तिला या वह्यांत कोठेंहि आधार नाहीं. त्या भेदावरच उभ्या आहेत.

यांत केवळ भाविकपणा आहे असें मात्र कोणी समजूं नये. यजमानकृत्य ही वृत्ति आहे. ती वारशानें येते, भाऊबंदांत वांटली जाते, गहाण पडते, विकली जाते, आणि तिच्यावरून तंटे होतात. हे तंटे मिटविण्यासाठींच यजमानांकडून तीर्थोपाध्येपणाचे लेख करून घेण्याची काळजी घेतली जात असे. छत्रपतींपासून सामान्य कुळकर्ण्यापर्यंत सर्वांचे असे लेख आहेत. दूरच्या प्रांतांतील एका खेड्याची आठवण गंगेच्या कांठचा एक गृहस्थ तीनशें वर्षें जपून ठेवतो, कारण त्या आठवणीवर त्याचें घर चालतें. दक्षिणेच्या लोभाला आपण हंसतों. पण जो संबंध कोणाच्या तरी पोटाशीं बांधलेला असतो तो उपदेशावर उभारलेल्या संबंधापेक्षां अधिक टिकतो, असें कागद पाहतां वाटूं लागतें. पुण्याची हुंडी काशीस पटत असे, हाहि त्याच जातीचा संबंध होय.

वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ सालीं उत्तरेस गेले तो वृत्तान्त सर्वश्रुत आहे. चिंतामण विनायक वैद्य यांनीं १९०७ सालीं तो ‘माझा प्रवास’ म्हणून छापविला. बंडाच्या धामधुमींत सांपडलेला, जवळचा पैसा लुटला गेलेला हा भिक्षुक अखेर गंगेची कावड घेऊन घरीं परत आला. त्याच्या प्रवासांत राजकारण शोधणारे झांशीच्या प्रकरणावर थांबतात. आमच्या मतें त्यांतील तितकीच मोलाची गोष्ट ही, कीं ज्या प्रांतांत कोणाचें राज्य आहे हें दर आठवड्यास बदलत होतें तेथें हा मनुष्य ठिकठिकाणीं उतरावयास घर व ओळखीस नांव शोधूं शकला.

आतां ही रीति केवळ रूढीनें पडली, कीं तिच्यामागें कांहीं विचार होता, हें पाहण्यासाठीं धर्मशास्त्राकडे वळावें लागतें. बौधायन धर्मसूत्राच्या आरंभींच दक्षिण व उत्तर यांच्या आचारांतील भेद पांच पांच बाबींनीं सांगितले आहेत. दक्षिणेकडील लोक मुंज न झालेल्याबरोबर जेवतात, स्त्रीबरोबर जेवतात, शिळें खातात, मामाची व आतेची मुलगी करतात. उत्तरेकडील लोक लोंकर विकतात, मद्य पितात, दोन्ही जबड्यांत दांत असलेल्या जनावरांचा व्यापार करतात, शस्त्रावर पोट भरतात, समुद्रावर जातात. सूत्रकाराचा निर्णय असा कीं ज्या देशांत जें रूढ तेथें तें प्रमाण. दुसऱ्याच्या देशांतील आचार आपल्या देशांत करील तो दोषी. लगेच पुढें तो हेंहि नमूद करतो कीं गौतमाला हें मान्य नाहीं. आपल्या विरुद्ध मताचा असा प्रामाणिक उल्लेख आजच्या वादविवादांत दुर्मिळ झाला आहे! मामाची मुलगी करण्याची चाल महाराष्ट्रांत अनेक ज्ञातींत आजहि आहे आणि उत्तरेंत ती निंद्य मानतात. तरी या एका गोष्टीवरून काशीच्या उपाध्यानें दक्षिणी यजमान टाकला, असें झालेलें नाहीं.

तोच बौधायन वंग, कलिंग, सौवीर इत्यादि देशांत जाऊन आलेल्यास प्रायश्चित्त सांगतो, हेंहि येथें लपवूं नये. पुढें त्याच कलिंगांतील पुरी ही चार धामांपैकीं एक झाली. म्हणजे देशाची सीमा पहिल्यापासून आजच्याइतकी होती असें नव्हे. ती माणसांच्या पायांनीं हळूहळू वाढली आणि शास्त्र मागून आलें.

याज्ञवल्क्यानें राजधर्मांत सांगितलें आहे कीं देश जिंकून ताब्यांत आला म्हणजे तेथील आचार, व्यवहार व कुलस्थिति पूर्वीं होती तशीच राजानें पाळावी. मनूनेंहि जाति, जनपद, श्रेणी व कुळें यांचे धर्म पाहून राजानें निर्णय करावा असें म्हटलें आहे. या याज्ञवल्क्यावरील विज्ञानेश्वराची मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (१०७६–११२६) पदरीं लिहिली गेली. हें कल्याणी म्हणजे हल्लींच्या कर्नाटकांतील बिदर जिल्ह्याचें बसवकल्याण. दक्षिणेंतील एका राजधानींत झालेली ही टीका बंगालखेरीज बहुतेक देशानें दायभागासाठीं स्वीकारली, आणि तिला कोणत्याहि बादशहाच्या फर्मानाचा आधार नव्हता. बंगाल्यांनीं जीमूतवाहनाचा दायभाग धरला. त्यामुळें बंगाल देशाबाहेर गेला नाहीं. मिताक्षरा मानणाऱ्यांतहि काशी, मिथिला, महाराष्ट्र व द्रविड असे पंथ झाले. महाराष्ट्र व गुजराथ यांकडे नीलकंठभट्टाचा व्यवहारमयूख चालला. त्याची चिकित्सक आवृत्ति महामहोपाध्याय काणे यांनीं १९२६ सालीं काढली. इंग्रजी अमलांत १८६८ सालीं मदुरेच्या एका खटल्यांत प्रिव्ही कौन्सिलला कबूल करावें लागलें कीं हिंदूंच्या कायद्यांत सिद्ध झालेली रूढि लिखित वचनाहून बलवत्तर आहे. लंडनच्या न्यायाधीशांनीं याज्ञवल्क्याचा नियमच निराळ्या शब्दांत मान्य केला.

नीलकंठभट्टाचें घराणें मूळ पैठणचें. सोळाव्या शतकांत रामेश्वरभट्ट काशीस गेले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनीं प्रयाग, काशी व गया या तीन क्षेत्रांवर त्रिस्थलीसेतु लिहिला. नातू कमलाकरभट्ट यांचा निर्णयसिंधु १६१२ सालचा. पणतू गागाभट्ट १६७४ सालीं रायगडास आले. चार पिढ्या काशींत राहूनहि हें घराणें दाक्षिणात्यच म्हणविलें गेलें, आणि उत्तरेच्या क्षेत्रांचा विधि उत्तरेस शिकविला तो त्यांनींच. बदरीनाथाचा रावळ केरळचा नंबूदिरी आणि केदारनाथाचा रावळ कर्नाटकचा वीरशैव, ही व्यवस्था याच मालिकेंत बसते. १६०४ सालीं पंजाबांत सिद्ध झालेल्या आदिग्रंथांत नामदेवांचीं ६१ पदें आहेत, तीं देखील नामदेवांस पंजाबी न बनवितां घेतलेलीं आहेत. अजमेरच्या दर्ग्यांतील खादिमांकडेहि यात्रेकरूंच्या घराण्यांनीं लिहून दिलेले वकालतनामे असतात. त्यांची रीति नामावळीहून फारशी निराळी नाहीं.

हेंच तत्त्व कालगणनेंत सर्वांत स्पष्ट दिसतें आणि कागद वाचणाऱ्यास रोज भेटतें. श्रीकृष्णजन्म आपल्याकडे श्रावण वद्य अष्टमीस. उत्तरेंत तोच भाद्रपद कृष्ण अष्टमीस. शिवरात्र आपली माघांतली, त्यांची फाल्गुनांतली. रात्र एकच, महिना निराळा, कारण आपले मास अमांत व त्यांचे पूर्णिमांत. आपला शक, त्यांचा संवत्. गुजराथेंत संवताचा आरंभ कार्तिकांत, उत्तरेंत चैत्रांत. संवत्सराचें नांवहि नर्मदेच्या दोन्ही तीरांस निराळें. संकल्प सांगतांना जंबुद्वीप व भरतखंड येथून निघून मनुष्य आपल्या गोदावरीच्या तीरापर्यंत येतो: आरंभीचे शब्द साऱ्यांचे, शेवटचे ज्याचे त्याचे. मराठी दप्तरांत तर एकाच पत्रावर शालिवाहन शक, अरबी अंकनामांचें सुहूर सन व मुसलमानी चंद्राची तारीख सुखानें नांदतात. शिवछत्रपतींनीं राजव्यवहारकोश करविला, राज्याभिषेक शक सुरू केला. पण दप्तरानें ‘दप्तर’ हा शब्द सोडला नाहीं.

स्वातंत्र्यानंतर सरकारनें १९५२ सालीं मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालीं पंचांगशोधन समिति नेमली. तिला देशांत सुमारें ३० पंचांगें चालतांना आढळलीं. २२ मार्च १९५७ पासून सर्वांसाठीं एक राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. ती शास्त्रशुद्ध आहे. राजपत्रावर छापली जाते, आकाशवाणीवर सांगितली जाते. आणि त्या दिनदर्शिकेनें कोणीहि आपल्या मुलाची मुंज केलेली नाहीं. देश यामुळें दुभंगलाहि नाहीं.

एवढें सांगून थांबलों तर चित्र अर्धें राहील. नामावळींत गांवापाठोपाठ ज्ञातीचा प्रश्न येतो, आणि त्या प्रश्नावर लक्षावधि माणसांची वाट बंद होत असे. ज्या नाशकांत दूर दूरच्या प्रांतांतील यात्रेकरूचें पान निघतें त्याच नाशकांत काळारामाच्या दारासाठीं डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं २ मार्च १९३० रोजीं सत्याग्रह सुरू करावा लागला आणि तो वर्षानुवर्षें चालला. पंढरपुरास विठोबाचें दार उघडावें म्हणून साने गुरुजींस १९४७ च्या मे महिन्यांत प्राण पणास लावावे लागले. प्रांताचा भेद ज्या व्यवस्थेनें इतक्या उदारपणें सांभाळला तिनेंच शेजारच्या माणसास परका केलें. कोंकणांतला ब्राह्मण हरिद्वारास परका नव्हता, पण गांवकुसाबाहेरचा महार त्याच गांवाच्या देवळाशीं परका होता. या वह्यांची स्तुति करणाऱ्यानें ही गोष्ट टिपेंत ढकलून भागणार नाहीं. प्रांतांची जोडणी आणि माणसांची जोडणी हे दोन वेगळे हिशेब आहेत, व दुसऱ्याची बाकी १९५० च्या संविधानानें कागदावर फेडली तरी व्यवहारांत ती अजून येणें आहे.

आधुनिक राज्यकर्त्यांस आरंभीं भीति वाटली ती पहिल्या हिशेबाची. भाषावार प्रांत झाले तर देश मोडेल, असा धार आयोगाचा १९४८ चा अभिप्राय होता. पोट्टि श्रीरामुलु १५ डिसेंबर १९५२ रोजीं उपोषणांत वारले. १ ऑक्टोबर १९५३ रोजीं आंध्र राज्य झालें. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं साऱ्या देशाची फेररचना झाली. आणि महाराष्ट्रास शंभराहून अधिक बळी देऊन १ मे १९६० हा दिवस पहावा लागला. देश मोडला नाहीं. संविधानाच्या आठव्या अनुसूचींत १९५० सालीं १४ भाषा होत्या, आज २२ आहेत. शेजारीं पाकिस्तानांत मार्च १९४८ मध्यें डाक्का येथें जीनांनीं उर्दू हीच एक राजभाषा राहील असें बजावलें. २१ फेब्रुवारी १९५२ रोजीं तेथें बंगालीसाठीं विद्यार्थी मारले गेले. पुढें बंगालीस मान्यता मिळाली, पण ती उशिरां व मनाविरुद्ध. आणि १९७१ सालीं तें राज्य दुभंगलें. त्यास इतरहि मोठीं कारणें होतीं, तथापि धर्म एक असतां ही फाळणी झाली, हें एकरूपतेच्या पुरस्कर्त्यांनीं विसरूं नये.

बिदर भागांतील एका घराण्याचें पान प्रस्तुत लेखकानें पाहिलें आहे. एकाच गांवाच्या नांवाखालीं आजोबानें ‘मोंगलाई’ लिहिलें आहे, मुलानें ‘म्हैसूर राज्य’, नातवानें ‘कर्नाटक’. तिघांचीहि लिपि मराठी. उपाध्यानें पानाचा मथळा बदललेला नाहीं. तेथें अजून जुना परगणाच आहे.

जेथें अशा वह्या पोहोंचल्याच नाहींत अशा ईशान्येच्या डोंगरी मुलखांत मात्र राज्यास हें काम लेखणीनें करावें लागलें. १९६२ च्या घटनादुरुस्तीनें नागा प्रदेशाविषयीं ठरलें कीं नागांचे धार्मिक व सामाजिक आचार, त्यांची रूढि आणि जमिनीचे हक्क यांविषयीं संसदेचा कायदा तेथील विधानसभेनें ठराव केल्यावांचून तेथें लागू होणार नाहीं. नागालँड राज्य १ डिसेंबर १९६३ रोजीं झालें. मिझोंशीं १९८६ सालीं करार झाला, तशीच तरतूद झाली, आणि २० फेब्रुवारी १९८७ रोजीं मिझोराम राज्य झालें. कलमें लिहिणाऱ्यांपुढें याज्ञवल्क्य नव्हता. तरी नियम तोच आहे. मिझो मुलखांत वीस वर्षांचें बंड त्यानें शमलें. नागांचा प्रश्न राज्य मिळूनहि दीर्घकाळ धुमसत राहिला. कारण उघड आहे. नियम कागदावर आला, पण त्याच्यामागें जाण्यायेण्याची व ओळखीची शतकांची सवय नव्हती. दिल्लीस उतरलेल्या नागा तरुणास ‘गांव कोणतें?’ याऐवजीं ‘देश कोणता?’ असें विचारतात.

शेवटीं संग्राहकांसाठीं थोडें. उपाध्यांच्या घरांतील पुढची पिढी नोकरीधंद्यास बाहेर पडली म्हणजे वह्या विकत मागणारे येतात. आपल्यापैकीं कोणीं त्या विकत घेऊं नयेत, अशी विनंति आहे. पोथी कपाटांत गेली तरी पोथीच राहते. नामावळी कपाटांत गेली म्हणजे तिचा शेवटचा लेख ठरून जातो. गेल्या शतकाच्या उत्तरार्धांत अमेरिकेंतील यूटा येथील वंशावळ-संस्थेनें हरिद्वार आदि क्षेत्रांच्या अनेक वह्यांच्या चित्रफिती काढल्या व वह्या मालकांकडेच ठेवल्या; तीच रीति बरी. चित्र घेतांना गांवाच्या पानाचा मथळा, त्यांतील परगण्याचें नांव, प्रत्येक लेखाची लिपि व शक, आणि समासांतील यजमानकृत्याच्या वांटणीच्या नोंदी सुटूं देऊं नयेत. मोडी वाचणारा बरोबर असावा. आणि उपाध्या घरीं असेल तर आपलें गांव सांगून आपलाहि लेख घालावा.